नोंदवही आणि लस

आपल्या प्रांताच्या आरोग्याचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे साथी किती आल्या, दवाखाने केव्हां निघाले आणि मृत्यूचा आंकडा कोणत्या वर्षीं किती उतरला, एवढें सांगून लेखक बहुधा थांबतात. परंतु औषध निघालें म्हणजे तें रोग्यापर्यंत आपल्या पायांनीं चालत जात नाहीं. औषध आणि रोगी यांच्यामध्यें एक उंबरठा असतो. त्या उंबरठ्यावर शिपाई उभा आहे कीं सोबती उभा आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें. ही गोष्ट ज्या समाजाच्या इतिहासांत सर्वांत ठळकपणें दिसते, त्या समाजाविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून फारसें बोललें जात नाहीं. हा समाज म्हणजे तृतीयपंथीयांचा, आणि त्यांतही पुरुषदेह घेऊन जन्मलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींचा. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील वाचकांस त्यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. लोकलगाडीच्या डब्यांत त्यांची टाळी रोज ऐकूं येते. बारशाच्या दिवशीं त्या दारीं आल्या म्हणजे आपण त्यांस बधाई देतों आणि त्यांचा आशीर्वादही घेतों. परंतु त्या आजारी पडल्या म्हणजे कोठें जातात, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. त्या प्रश्नाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय गुप्तरोगांचा आहे म्हणून कोणी पान उलटूं नये. रोग गुप्त ठेवल्यानेंच तो वाढतो, हेंच या इतिहासाचें पहिलें वाक्य आहे.

प्रथम या रोगांच्या नांवांकडे पाहूं. ज्याला आपण उपदंश किंवा गरमी म्हणतों, त्याला सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथांत ‘फिरंगरोग’ म्हटलें आहे, आणि त्यावर रसकर्पूर व चोपचिनी हीं औषधें सांगितलीं आहेत. फिरंग्यांच्या संसर्गानें आलेला रोग तो फिरंगरोग! पण फिरंग्यांच्या देशांत तरी निराळें काय चाललें होतें? इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत. हा रोग नेहमींच दुसऱ्याचा असतो. तो आपल्या घरांतून कोणास झाला असें इतिहासांत कोठेंच लिहिलेलें सांपडत नाहीं. दोष परक्याच्या माथीं मारण्याची ही संवय पुढें कायद्यांतही उतरली, आणि त्या वेळीं परका म्हणून जे सर्वांत जवळ सांपडले त्यांत हिजडे होते.

वस्तुतः आमच्या भागांत हा समाज पूर्वीं इतका परका नव्हता. मराठेशाहींत दख्खनच्या कित्येक परगण्यांतून हिजड्यांस गांवोगांव भिक्षेचा हक्क राज्याकडून मान्य झालेला होता, आणि कांहींकडे इनाम जमिनीही होत्या. असा हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे. हें औदार्य फार मोठें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि राज्याच्या दप्तरांत त्यांना एक जागा होती, आणि ती जागा हक्कदाराची होती. कंपनी सरकारचा अंमल आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारनें हे हक्क पुढें चालविण्याचें नाकारलें. कल्याणजवळच्या मलंगगडावर हाजीमलंगाच्या उरुसास माघी पौर्णिमेच्या सुमारास आजही दूरदूरचे तृतीयपंथी जमतात. देवाधर्माच्या जागीं राहिलेला मान दप्तरांतून मात्र गेला, आणि त्या दप्तरांत लौकरच त्यांचीं नांवें निराळ्या कारणासाठीं लिहिलीं जाऊं लागलीं.

तें कारण समजण्यास दोन कायदे शेजारीं ठेवून पाहिले पाहिजेत. १८६८ सालीं सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. गोऱ्या शिपायांत गुप्तरोग फार वाढले, म्हणून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचीं नांवें नोंदावीं, त्यांची सक्तीनें तपासणी करावी, आणि रोगी ठरेल तिला खास रुग्णालयांत कोंडून ठेवावें, असें त्याचें स्वरूप होतें. शिपायांस तपासणी नव्हती, हें वेगळें सांगावयास नको. मुंबई शहरांत हा कायदा १८७० मध्यें सुरू झाला, १८७२ मध्यें बंद पडला, १८८० मध्यें पुन्हा लागू झाला, आणि १८८८ मध्यें अजीबात रद्द झाला. त्याच्या अपयशाचें कारण साधें होतें. नोंदणी म्हणजे कैद, असें कळल्यावर स्त्रिया नोंदणीपासून पळूं लागल्या. ज्या पळाल्या त्यांपर्यंत औषधही पोंचलें नाहीं.

दुसरा कायदा १८७१ चा. ‘गुन्हेगार जातीं’चा म्हणून तो प्रसिद्ध आहे, परंतु त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठीं होता, याची आठवण थोड्यांसच असेल. तो प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब येथें लागू झाला. ज्यांच्याविषयीं सरकारास संशय असेल अशा हिजड्यांचीं नांवें व ठिकाणें नोंदावयाचीं. अशा माणसानें रस्त्यावर स्त्रीवेष केला किंवा नाच केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा त्यानें जवळ ठेवूं नये. मृत्युपत्र करूं नये, दत्तक घेऊं नये. गुरु-चेल्यांचें जें नातें हेंच ज्यांचें घर, त्यांच्या घराचा वांसाच या कलमांनीं काढून घेतला. १९११ च्या नव्या कायद्यांत हा भाग वगळण्यांत आला. तथापि निजामाच्या राज्यांत १३२९ फसलींत म्हणजे १९१९ च्या सुमारास अशाच धर्तीचा कायदा झाला, आणि त्याचा तेलंगणांत उरलेला अवशेष तेथील उच्च न्यायालयानें २०२३ मध्यें रद्द केला. ठाणें जिल्ह्यांत हे कायदे लागू होते असें नव्हे. परंतु कायद्याची हद्द संपते तेथें त्याची दहशत संपत नाहीं. नोंदवही दिसली कीं दूर व्हावें, हा धडा एका पिढीनें दुसरीस दिला, आणि भारतीय दंडसंहितेचें ३७७ वें कलम तर १८६० च्या कायद्यापासून सर्व प्रांतांवर सारखेंच टांगलेलें होतें. तें प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें निष्प्रभ होण्यास ६ सप्टेंबर २०१८ हा दिवस उजाडावा लागला.

आतां लसीचा इतिहास पाहूं. हिंदुस्थानांतील पहिली देवीची लस मुंबईंतच १४ जून १८०२ रोजीं टोचली गेली. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोचली, आणि ती बसऱ्याहून आलेली होती. त्या काळीं एकाच्या दंडावरच्या फोडांतील लस काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचीत. या पद्धतींत एक मोठा धोका होता. मूळच्या मुलास उपदंश असेल तर लसीबरोबर तोही दुसऱ्याच्या अंगांत जात असे; इटलींतील रिव्हाल्टा गांवीं १८६१ मध्यें असा प्रकार घडून कित्येक मुलें बिचारीं रोगी झालीं. पुढें वासरांवर तयार केलेली लस आली तेव्हां हा धोका टळला. म्हणजे देवी डॉक्टर गांवांत आला कीं मुलें लपविणाऱ्या आयांस आपण सरसकट अडाणी म्हणतों तें न्यायाचें नाहीं; त्यांच्या भीतीस कांहीं आधार होता, आणि ती भीति दूर करण्याचा उपाय सक्तीपेक्षां चांगली लस व ओळखीचा माणूस हा होता.

१८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला तेव्हां हीच गोष्ट अधिक कडू रीतीनें सिद्ध झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. मुंबईहून देशावर जाणाऱ्या उतारूंची कल्याण जंक्शनवर तपासणी होऊं लागली. परक्या माणसानें भर फलाटावर अंगास हात लावावा, याचा संताप लोकांस रोगाहून अधिक झाला. पुण्यांत रँडसाहेबाच्या घरझडतीनें काय घडलें तें सर्वविश्रुत आहे. त्याच वर्षाच्या १० जानेवारीस हाफकीन यानें आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. एक मनुष्य दुसऱ्यास धरून तपासतो, आणि एक मनुष्य पहिली सुई स्वतःच्या अंगांत घेतो; लोकांनीं शेवटीं कोणावर विश्वास ठेवला हें परळच्या संस्थेस १९२५ पासून असलेलें हाफकीनचें नांवच सांगत आहे.

तथापि गुप्तरोगांच्या बाबतींत सक्तीइतकाच दुसरा शत्रु मौन हा होता, आणि तो शत्रु सरकारचा नसून आमच्या मध्यमवर्गाचा होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर मराठींत पुस्तक लिहिलें, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्याबद्दल त्यांस अश्लीलतेच्या आरोपाखालीं कोर्टांत खेंचण्यांत आलें. १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. समलिंगी संबंधांविषयींचा मजकूर हाही त्या खटल्यांतील एक आक्षेपाचा विषय होता. म्हणजे ज्या काळीं औषध दुर्मिळ होतें त्या काळीं माहितीवर खटला होत होता. पुढें १९४३ मध्यें पेनिसिलिननें उपदंश बरा होतो हें सिद्ध झालें, १९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि ज्या रोगानें चारशें वर्षें लोकांचे देह झिजविले तो आरंभींच गांठला तर २४ लाख युनिटच्या एका इंजेक्शनानें बरा होऊं लागला. औषध स्वस्त झालें. उंबरठा मात्र होता तेथेंच राहिला.

हें १९८६ नंतर उघड झालें. त्या सालीं मद्रासेंत एच्.आय्.व्ही.ची बाधा प्रथम सांपडली, आणि थोड्याच वर्षांत मुंबई व तिच्या भोंवतालचा टापू या रोगाचें मोठें ठिकाण म्हणून ओळखला जाऊं लागला. १९९२ मध्यें राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना निघाली. या वेळीं सरकारापुढें जुनाच प्रश्न उभा राहिला: ज्यांचा आपल्यावर विश्वास नाहीं त्यांच्यापर्यंत जावयाचें कसें? आनंदाची गोष्ट ही कीं, या वेळीं उत्तर वेगळें निघालें, आणि तें त्या समाजांतूनच आलें. १९९४ मध्यें अशोक राव कवी यांनीं मुंबईंत हमसफर ट्रस्ट काढला. त्यानंतर हिजड्यांनींच चालविलेली दाई वेल्फेअर सोसायटी उभी राहिली. ठाण्यांत वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी याच कामांतून पुढें आल्या, आणि ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हें त्यांचें मराठी आत्मकथन आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. ज्या खटल्यांत १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांस कायद्याची ओळख दिली, त्यांतही त्यांनीं भाग घेतला होता.

या संस्थांनीं काढलेली युक्ति दिसावयास फार साधी आहे. डेऱ्यांत जावयाचें तें डेऱ्यांतल्याच माणसानें. ज्या गुरूच्या शब्दाबाहेर चेले जात नाहींत त्या गुरूस प्रथम समजावयाचें. मग दर तीन महिन्यांनीं तपासणी, दर सहा महिन्यांनीं एच्.आय्.व्ही. व उपदंश यांसाठीं रक्ताची परीक्षा, आणि रोग निघाला तर सरकारी इस्पितळापर्यंत बरोबर जाणारी सोबतीण. नोंदवही येथेंही आहे; पण ती लिहिणारी त्यांच्यांतलीच एक आहे, आणि २०१७ च्या कायद्यानें त्या वहीचें गुपित राखणें हें कर्तव्य ठरविलें आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह कांहीं ठिकाणीं या रोगाचीं औषधें फुकट देण्यास आरंभ केला, त्यामुळें तपासणीस जाण्यांत कांहीं अर्थ आहे असें लोकांस वाटूं लागलें.

तरीही काम किती उरलें होतें तें एका आंकड्यावरून कळेल. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणींत तृतीयपंथीयांमध्यें एच्.आय्.व्ही.चें प्रमाण शेंकडा ७.५ निघालें, त्याच सुमारास देशांतील सर्व प्रौढांत तें शेंकडा ०.२६ होतें. हा फरक देहाच्या घडणीनें पडलेला नाहीं. शाळा लौकर सुटते, घर सुटतें, नोकरी मिळत नाहीं. पोटासाठीं देहविक्रय करावा लागतो. गिऱ्हाइकाशीं हुज्जत घालण्याची ताकद नसते. आणि उपदंशासारख्या रोगाची जखम अंगावर असली म्हणजे तिच्या वाटेनें एच्.आय्.व्ही.ला आंत शिरणें सोपें जातें. त्यांत ‘निर्वाण’ म्हणजे लिंगच्छेदाचा विधि पूर्वीं दाईच्या हातून, निर्जंतुक साधनांवांचून होत असे. तेथें रक्तांतून पसरणाऱ्या रोगांस दार उघडेंच होतें.

आतां ज्या लसींचा आमच्या विषयाशीं प्रत्यक्ष संबंध आहे त्यांविषयीं सांगूं. एच्.आय्.व्ही.वर लस अद्याप नाहीं; पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेंत फेब्रुवारी २००५ मध्यें अशा एका लसीची चांचणी सुरू झाली, पण तींतून उपयोगी पडेल अशी लस निष्पन्न झाली नाहीं. परंतु संभोगानें पसरणाऱ्या दोन रोगांवर उत्तम लसी आहेत. पहिला ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणु. तो रक्तांतून व शरीरसंबंधांतून एच्.आय्.व्ही.पेक्षां कितीतरी सहज पसरतो, आणि कित्येकांच्या यकृतांत वर्षानुवर्षें घर करून शेवटीं यकृत जाळतो किंवा तेथें कर्करोग उत्पन्न करतो. त्याची लस १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच जगांत आली. १९९७ मध्यें हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें ती देशांत तयार केल्यावर तिची किंमत पुष्कळ उतरली. दुसरा एच्.पी.व्ही. हा विषाणु, जो गर्भाशयमुखाप्रमाणेंच गुदद्वाराच्या व घशाच्या कर्करोगासही कारण होतो. त्यावरची लस २००६ मध्यें परदेशीं निघाली, आणि पुण्याच्या सीरम संस्थेनें आपली लस सप्टेंबर २०२२ मध्यें पुढें आणली.

मग अडचण कोठें आहे? ती वयांत आणि वेळापत्रकांत आहे. काविळीची लस सरकारच्या बालकांच्या लसीकरणांत २००२ नंतर कांहीं शहरांत आणि २०११ च्या सुमारास सर्व देशभर आली. म्हणजे आज जे प्रौढ आहेत त्यांतील बहुतेकांस ती लहानपणीं मिळालेलीच नाहीं. एच्.पी.व्ही.ची लस तर शरीरसंबंधाचा आरंभ होण्यापूर्वीं घेतल्यास पूर्ण गुण देते; आणि ज्या वयांत ती घ्यावयाची त्या वयांत हीं मुलें घरांतून पळून जाण्याच्या विचारांत असतात. शिवाय काविळीच्या लसीचे डोस तीन: आज एक, महिन्यानें दुसरा, सहा महिन्यांनीं तिसरा. ज्या घरांत आई भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवते, त्या घरास सहा महिने म्हणजे कांहींच नाहींत. परंतु आज कल्याणच्या डेऱ्यांत, पुढच्या महिन्यांत सुरतेस, आणि उरुसाला पुन्हा मलंगगडावर, अशी जिची वस्ती, तिला सहा महिन्यांनीं त्याच दारीं परत आणावयाची तर त्या दारांत तिची आठवण ठेवणारें कोणी पाहिजे. मोठ्या इस्पितळांत केसपेपर काढतांना नांव पुरुषाचें पुकारलें जातें आणि उठून उभी राहते स्त्री. रांगेंतले लोक वळून पाहतात. पुरुषांच्या वॉर्डांत न्यावें कीं स्त्रियांच्या, यावर तिच्यासमोर वाद होतो. तेवढ्यानें पहिला डोस घेतलेली दुसऱ्यास येत नाहीं.

हें सर्व ध्यानांत घेऊन एक नवा प्रयोग निघाला. जानेवारी २०२१ मध्यें हैदराबाद येथें ‘मित्र’ या नांवाचा दवाखाना उघडला. त्यानंतर तसेच दवाखाने पुणें आणि आमच्या कल्याण येथें निघाले. त्यामागें अमेरिकन सरकारच्या मदतसंस्थेचा पैसा आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचें साहाय्य होतें. गुप्तरोगांची तपासणी व उपचार, एच्.आय्.व्ही.विषयीं सल्ला, संप्रेरकांच्या औषधांविषयीं मार्गदर्शन, मनाच्या दुखण्यावर समुपदेशन, सरकारी कागदपत्रांस मदत, हें सर्व एका छपराखालीं. आणि स्वागतास उभी असलेली व्यक्ति त्याच समाजांतली. दोनशें वर्षांच्या चुकांतून शिकून उंबरठ्यावरचा शिपाई हटविला आणि तेथें सोबती उभा केला, असें या प्रयोगाचें वर्णन करतां येईल. राज्याच्या दप्तरांत गेलेली हक्काची जागा एका दवाखान्याच्या नोंदवहींत पुन्हा मिळाली.

परंतु २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं परदेशी मदत थांबविण्याच्या हुकुमावर सही केली, आणि तीनही दवाखान्यांचीं दारें बंद झालीं. हैदराबादचा दवाखाना पुढें ‘सबरंग’ या नांवानें देशी देणगीवर पुन्हा चालूं झाला. मराठी मुलखांतील वाचकांनीं यावरून काय बोध घ्यावा? परक्यांस शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं आपला पैसा दिला, तो त्यांनीं काढून घेतला. बोध हा कीं, विश्वास कल्याणांत उत्पन्न झाला होता आणि त्याची किल्ली वॉशिंग्टनांत होती.

येथें कोणी म्हणेल कीं, सर्वांसाठीं इस्पितळें असतांना या मूठभर लोकांसाठीं निराळें दार कशाला? ठाणें महापालिकेचें कळव्यास मोठें रुग्णालय आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेचीं रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर हीं रुग्णालयें आहेत. हा आक्षेप टाकाऊ नाहीं. आमच्याही मतें अखेर एकच दार असावें. परंतु तें दार आज सर्वांसाठीं सारखें उघडत नाहीं, आणि जोंपर्यंत उघडत नाहीं तोंपर्यंत त्यांत एक ओळखीचा चेहरा बसविणें हें काम कांहीं अवघड नाहीं. त्या समाजांतील दोन-चार शिकलेल्या व्यक्तींस पगारी नेमावें; आठवड्यांतून एक संध्याकाळ ठरवावी; केसपेपरावर जें नांव ती सांगेल तें लिहावें; काविळीची लस फ्रीजमध्यें तयार ठेवावी. यास परदेशी देणगी लागत नाहीं. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत ‘इतर’ म्हणून ४०,८९१ व्यक्ति मोजल्या गेल्या. त्यांपैकीं एका जिल्ह्याच्या वांट्यास येणारा खर्च कोणत्याही महापालिकेस झेपण्याजोगा आहे. आणि संसर्गजन्य रोग डेऱ्याच्या भिंतीशीं थांबत नाहीं, त्यास गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइकास घर आहे, हें लक्षांत घेतलें तर या खर्चास परोपकार म्हणण्याचेंही कारण उरत नाहीं.

काविळीच्या लसीविषयीं वैद्यकशास्त्रांत एक नियम आहे. एक डोस घेऊन मध्यें खंड पडला, तर पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं. राहिलेले डोस उशिरा कां होईना, देऊन पुरे करतां येतात. कल्याणच्या दवाखान्याचें कामही असेंच अर्धवट राहिलें आहे. जें टोचून झालें तें वायां गेलेलें नाहीं. पुढचा डोस द्यावयास आतां आमच्याच महापालिकांनीं यावें.